चार शब्दांचा चहा

रेडिओ माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची गोष्ट सांगताना कॉलनीतले लोक नेमकं हेच विसरतात.

देवळाली कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्याने घरातलं सामान विकायला काढलं. मी लोखंडी कपाट बघायला गेलो होतो. कपाटाच्या शेजारी तो रेडिओ होता. लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, आणि स्टेशन बरोबर लागलं की हळूहळू मिटत जाणारा एक हिरवा डोळा. मी त्याच्याकडे एकदाच पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही. तासभर कपाटाचीच घासाघीस केली, कपाट नको म्हणून उठलो, आणि दारात चपला घालता घालता विचारलं, "और ये पेटी किस चीज की है, साब?" साहेब माझ्या बोलण्याने दमला होता. रेडिओ मी रिक्षात मांडीवर घेऊन घरी आलो.

मी तेव्हा लासलगावला कांद्याचा व्यापार करायचो. त्याच मार्केट यार्डात मी आधी पोती उचलली, मग दुसऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडला, मग दुसऱ्याच्या वतीने बोली लावली आणि शेवटी स्वतःच्या नावाने. मुलींच्या शाळेसाठी नाशकात, द्वारकेच्या मागच्या एका कॉलनीत घर घेतलं. कॉलनी शिकलेल्यांची. कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर, बँकेतले एक गृहस्थ, चार-सहा शिक्षक आणि कारकून. मी यार्डातून परत यायचो तेव्हा कपड्यांना कांद्याचा वास असायचा. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. न बोलणाऱ्याला काय उत्तर देणार?

या सरांच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओ ऐकायची बैठक असायची. साडेसातला एखादं भाषण, मग कवितावाचन, मग शास्त्रीय गाणं, आणि नऊच्या सुमाराला सगळे उठायचे. बैठकीचा नियम एकच होता. कार्यक्रम चालू असताना बोलायचं नाही. जो बोलेल त्याने शेवटी सगळ्यांचा चहा करायचा, तोही स्वतः, स्वयंपाकघरात उभं राहून. बायकोला सांगून चालायचं नाही. नुसतं 'वा' म्हटलं तरी ते बोलणंच धरायचं. सर म्हणायचे, दाद मनात द्यावी, मनात मावली नाही तर चहा करावा.

एकदा सरांचा रेडिओ बंद पडला. दुरुस्तीवाल्याने व्हॉल्व्ह मुंबईहून मागवावा लागेल म्हणून सांगितलं. गुरुवार दोन दिवसांवर आला होता. सर पहिल्यांदा माझ्या घराची पायरी चढले.

"शेठ, तुमच्याकडे मोठा सेट आहे असं कळलं."

"आहे."

"गुरुवारपुरता मिळेल का?"

"सेट मिळेल. पण त्याच्याबरोबर मीही येतो."

सर हसले. "या की. कार्यक्रम सगळ्यांसाठीच असतो."

तेव्हापासून माझा रेडिओ त्यांच्या दिवाणखान्यात मधल्या टेबलावर, विणलेल्या रुमालावर बसला. मला मात्र दाराशी घडीची लोखंडी खुर्ची मिळाली, चपलांच्या रांगेला लागून. यार्डातून यायला मला उशीर होतो, मधे उठून जागा करायला नको, असं कारण सांगितलं गेलं. कारणात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

तिसऱ्या गुरुवारी तो प्रकार झाला. एक बुवा गात होते. त्यांनी एक तान अशी वर नेली की माझ्या अंगावर काटा आला. तान खाली यायच्या आतच माझ्या तोंडून "वा" निघून गेलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सर खुर्चीत न हलता, रेडिओकडेच बघत म्हणाले, "शेठ, हा लिलाव नाही."

बँकेतल्या गृहस्थांनी हसू दाबायला रुमाल तोंडावर धरला. बाकीच्यांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते.

नऊ वाजता मी सरांच्या स्वयंपाकघरात उभं राहून अकरा माणसांचा चहा केला. चहा करायची मला लाज नाही, आयुष्यात मी त्याहून हलकी कामं केली आहेत. पण पातेल्यातलं दूध वर येईपर्यंत एकच हिशेब डोक्यात चालू होता. मी एक अक्षर बोललो. सर चार शब्द बोलले. शेठ, हा, लिलाव, नाही. गाणं तर तेव्हाही चालूच होतं. मग चहा मी एकट्याने का करायचा?

घरी आल्यावर हे बायकोला सांगितलं.

"मग आणा तो रेडिओ परत," ती म्हणाली. "आपला आहे ना?"

"आणला तर ते म्हणतील, कांदेवाल्याने राग धरला."

"मग धरलाय की."

"धरलाय. पण तो असा मोडून टाकायचा नाहीये. मला त्या माणसाच्या तोंडून 'वा' ऐकायचंय. त्याच खोलीत, त्याच नियमात."

"कशाबद्दल 'वा'? तुम्ही काय गाणार आहात?"

तरी मी बैठक सोडली नाही. दर गुरुवारी लोखंडी खुर्चीवर तोंड मिटून बसायचो. पुढच्या सहा-सात महिन्यांत मी एकदाही चहा केला नाही. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की गाणारा कितीही लांब फिरून आला तरी एका ठरलेल्या जागी तबल्याबरोबर येऊन टेकतो, आणि खोलीतल्या सगळ्या माना त्याच जागी हलतात. माझं 'वा' त्या जागेच्या आधी पडलं होतं. एवढीच माझी चूक होती. बोली चालू असतानाच मी सौदा झाला असं समजलो होतो.

ही चूक कळली ती खोलीत नाही, यार्डात. लिलाव पुकारणारा एक म्हातारा होता. ट्रॅक्टरच्या आणि बैलगाड्यांच्या रांगेतून तो पुढे चालायचा, मागून आम्ही व्यापाऱ्यांचा घोळका. एकेका गाडीशी थांबून मूठभर कांदा हातात घ्यायचा आणि पुकारा सुरू. भाव चढता असला की त्याचा आवाज भराभर पावलं टाकायचा, बोली अडली की लांबायचा. मग "एक वार", "दोन वार", आणि त्यानंतर तो थांबायचा. गाडीवरचा शेतकरी श्वास रोखायचा. एखादा शेतकरी न राहवून म्हणायचा, "आरं बाबा, टाक की आता, लय ताणू नको." तरी तो थांबायचाच. "तीन वार" त्या थांबण्यानंतरच पडायचं, त्याच्या वेळेवर, आणि आमच्या सगळ्यांच्या माना हलायच्या. अगदी सरांच्या दिवाणखान्यासारख्या.

मी तिथेच ठरवलं. सर म्हणाले ना, हा लिलाव नाही? मग लिलाव काय असतो ते त्यांना ऐकवायचं, आणि ऐकवायचं तर रेडिओवरून, म्हणजे मधे कुणाला तोंड उघडता येणार नाही.

मुलीच्या वहीत मी भाषण लिहायला घेतलं. मी यार्डातल्या भाषेत सांगायचो, बायको ते नीट करायची. आमची त्यावरही भांडणं झाली. 'पुकारा' हा शब्द तिला रांगडा वाटायचा, मला तोच हवा होता. शेवटी तिने हात टेकले. सुरुवात मी अशी केली की पूर्वी सौदे रुमालाखाली बोटं दाबून व्हायचे, तेव्हा बाजार मुका होता. उघड लिलाव आला आणि बाजाराला आवाज फुटला. मग त्या म्हाताऱ्याच्या पुकाऱ्यातली लय, त्याचं चढणं, थांबणं. आणि शेवटी सरांसाठी एक वाक्य. ते वाक्य बायकोने तीनदा खोडलं आणि मी चारदा लिहिलं.

भाषण टपालाने पुण्याच्या केंद्रावर पाठवलं. दोन महिन्यांनी पत्र आलं: भाषण पसंत आहे, ध्वनिमुद्रणासाठी यावं. पत्र मी खिशात घालून लासलगावला नेलं आणि त्या म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "माझ्या वरडण्याचं भाषण व्हय? लोकांना काम नाय का दुसरं?" आणि पुढच्या गाडीकडे गेला. पण त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त थांबत होता, हे मी पाहिलं.

केंद्रावरचे अधिकारी सडपातळ, चष्मा लावणारे, अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ होतं. माझे कागद त्यांनी पेन्सिलने खुणा करून ठेवले होते.

"दहा मिनिटं," ते म्हणाले. "आणि हे शेवटचं वाक्य जाईल."

"का?"

"व्यक्तिगत आहे. कुणा एका माणसावर आहे."

"त्या एका माणसासाठीच तर सगळं लिहिलंय."

"ऐकणारे मात्र पुष्कळ असतात."

मी तापलो. कागद घडी करून खिशात घातले आणि उठलो. एरवी मी उठलो की समोरचा हात धरतो. हे गृहस्थ शांत बसून राहिले, वर म्हणाले, "पाणी पिऊन जा. उन्हाचे आला आहात." मला समजलं की इथे उठून जाण्याचा उपयोग नाही. मी पाणी प्यायलो आणि पुन्हा बसलो.

"वाक्य काढलं तर काय देता?"

ते हसले. "इथे असं देवाणघेवाणीचं काही नसतं."

"दोन मिनिटं द्या. बारा मिनिटांचं करा."

"दोन मिनिटांत काय करणार?"

मी त्यांच्या टेबलावरचा कागदांवर ठेवायचा काचेचा गोळा कांद्यासारखा मुठीत धरला आणि लिलाव पुकारला. त्या म्हाताऱ्यासारखा, पूर्ण. शेजारच्या खोलीतून एक तंत्रज्ञ दार उघडून बघायला आला. अधिकाऱ्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं.

"दीड मिनिट," ते म्हणाले.

"दोन."

"पावणेदोन. आणि हे भाषणात वाचायचं नाही, असंच करायचं."

"पावणेदोन. पण गुरुवारी लावा, गाण्याच्या आधी."

त्यांनी कार्यक्रमांचा तक्ता काढला. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी भाषणाची जागा रिकामी होती. त्यांनी पेन्सिल उचलली आणि म्हणाले, "तुम्ही कांदा कसा विकत घेत असाल, याची कल्पना आली."

इतके दिवस जपलेलं वाक्य मी पावणेदोन मिनिटांना विकलं. परतीच्या एसटीत संगमनेरपर्यंत मला सौदा फसल्यासारखं वाटत होतं. त्यानंतर झोप लागली.

मुद्रण त्याच दिवशी, निघण्याआधी झालं होतं, आणि त्या वेळी एकच घोटाळा झाला. 'दोन वार' म्हटल्यावर मी थांबलो, तसा काचेपलीकडचा तंत्रज्ञ हात हलवू लागला. त्याला वाटलं, मी विसरलो. त्याच्या मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांनी त्याचा हात धरून खाली घेतला. त्या माणसाचे मी आजही आभार मानतो, आणि आभार मानायची मला फारशी सवय नाही.

त्या गुरुवारी मी यार्डात गेलोच नाही. आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून सव्वासातला सरांच्या घरी पोचलो. समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सर म्हणाले, "आज लवकर? या, पुढे बसा."

"नको. माझी जागा बरी आहे."

मी लोखंडी खुर्चीवर बसलो. बायकाही बैठकीला यायच्या, पण आतल्या दाराशी. माझी बायको त्या दिवशी सरांच्या पत्नीशेजारी जाऊन बसली. तिच्याकडे बघायचं नाही, असं आम्ही घरून ठरवून आलो होतो. कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

रेडिओ तापला. हिरवा डोळा मिटला. निवेदिकेने विषय सांगितला, लिलावाचा सूर, आणि मग माझं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

दहा डोकी एकदम माझ्याकडे वळली. बँकेतल्या गृहस्थांनी तोंड उघडलं, त्यांना चहा आठवला आणि त्यांनी ते मिटलं. एक मास्तर बोटाने आधी रेडिओ आणि मग मला दाखवत होते. मी मान हलवली. बोलायची सोय कुणालाच नव्हती. त्यांचाच नियम होता.

फक्त सर वळले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि रेडिओकडे बघत राहिले.

स्वतःचा आवाज पेटीतून ऐकणं फार वाईट. माझा आवाज मला जाड, भरीव वाटायचा. आतून येणारा माणूस कुणीतरी बारीक आवाजाचा, परका. रुमालाखालच्या बोटांचं वाक्य त्याने घाईत टाकून दिलं. "सावकाश बोल की" म्हणून ओरडावंसं मला वाटत होतं. मी जीभ दातांत धरली. या खोलीत पुन्हा चहा करायला मी आलो नव्हतो.

दहा मिनिटं गेली. मास्तर पुढे सरकून ऐकत होते, बँकेतल्या गृहस्थांचा रुमाल खिशातच होता. पण सरांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. आता फक्त पावणेदोन मिनिटं उरली होती.

पुकारा सुरू झाला. टेबलावरच्या माझ्याच रेडिओतून, सरांच्या विणलेल्या रुमालावरून, लासलगावचा लिलाव त्या दिवाणखान्यात उभा राहिला. बोली चढली. आवाज भराभर चालला, मग लांबला. "एक वार." पुढच्या खुर्च्या कुरकुरल्या. "दोन वार."

आणि थांबला.

रेडिओत नुसती खरखर. सेट बंद पडला की काय, म्हणून एकाने हात पुढे केला. सरांनी त्याच्याकडे न बघता बोट वर करून त्याला थांबवलं. म्हणजे ते मोजत होते. बाहेर रस्त्यावरून टांगा गेला, तो पूर्ण जाईपर्यंत ऐकू आला. आतल्या दाराशी बायकोने डोळे मिटले होते.

"तीन वार."

"वा," सर म्हणाले.

हळू म्हणाले, पण म्हणाले. अकरा माणसांनी ऐकलं. शब्द जिथे पडायला हवा होता तिथेच पडला, कारण ते सर होते. जागा चुकणं त्यांना माहीत नव्हतं.

मला तिथेच उठून उभं राहावंसं वाटलं. पण लगेच कवितावाचन सुरू झालं. जिंकूनसुद्धा मला पुढचा तासभर गप्प बसावं लागलं. कविता कशाबद्दल होत्या ते मला विचारू नका. गाणं मात्र ऐकलं. गाणाऱ्या बाईंचा आवाज दर वेळी फिरून ठरल्या जागी आला आणि दर वेळी माझी मान सरांच्या मानेबरोबर हलली.

नऊ वाजले. सरांनी रेडिओ बंद केला, धोतराचा सोगा खोचला आणि कुणाशी न बोलता स्वयंपाकघरात गेले. पाठोपाठ काड्या ओढल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन.

"त्यांना स्टोव्ह पेटवता येत नाही," त्यांच्या पत्नी पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "पण कुणी आत जायचं नाही. नियम आहे."

अर्ध्या तासाने ट्रे आला. चहात आलं इतकं होतं की मास्तरांना ठसका लागला. पहिला कप सर दारापर्यंत चालत घेऊन आले, चपलांच्या रांगेपाशी.

"शेठ, तो थांबा कुठे शिकलात?"

या प्रश्नाची मी कित्येक महिने वाट बघत होतो, आणि उत्तर तयार ठेवायची गरज पडली नाही.

"लिलावात, सर."

बँकेतले गृहस्थ मोठ्याने हसले. सरही हसले. मला वाटतं, त्या वेळी त्यांनाही ते जुने चार शब्द आठवले असावेत. आठवले नसते तरी मी आठवण करून देणारच होतो.

"एक राहिलाय, सर," मी म्हणालो.

"काय राहिलंय?"

"चहा. मी 'वा' म्हटलं, त्या दिवशी तुम्हीही बोलला होतात. चार शब्द. गाणं चालू होतं."

"अहो, ते नियम सांगणं होतं."

"नियम सांगायलाही तोंड उघडावं लागतं."

"अहो, पुरे," आतून बायको म्हणाली.

"पुरे कसं? बोलू द्या त्यांना," सरांच्या पत्नी म्हणाल्या. "मी त्याच दिवशी यांना म्हटलं होतं."

सरांनी हातातला कप खिडकीत ठेवला आणि विचार केला. खरंच विचार केला. कॉलेजात एखाद्याची शंका ऐकून करत असतील तसा. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारी माझा चहा."

"चहा आणि भजी. इतके दिवस तुंबलंय."

"भजी मला येत नाहीत."

"कांदा माझा. चिरायचा तुम्ही."

"चिरतो. तळणार कोण?"

"तुम्हीच."

"शेठ, तळण्यावर थोडं कमी करा."

मग तळणं मी माझ्याकडे घेतलं. पुढच्या गुरुवारी मी गोणीतले निवडक कांदे नेले. आमच्या सरांनी ते डोळे पुसत चिरले, मी तळले, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच सगळं खाऊन झालं. माझी खुर्ची त्या दिवसापासून टेबलाशेजारी, हिरवा डोळा दिसेल अशी. दाराशी बँकेतले गृहस्थ बसू लागले, कारण उशिरा ते यायचे. लासलगावच्या म्हाताऱ्याला मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "थांबलं व्हतं ना नीट?" मी म्हटलं, टांगा जाईपर्यंत.

सरांचा व्हॉल्व्ह मुंबईहून केव्हाच आला होता. तो त्यांनी बसवलाच नाही. माझा सेट तिथेच राहिला.

आता ते विकलेलं वाक्य. ते असं होतं: "आमच्या कॉलनीत एक विद्वान गृहस्थ आहेत, त्यांना गाण्यातली सम चटकन कळते, पण स्वतःच्या नियमातली कळायला फार वेळ लागतो." चांगलं वाक्य आहे. रेडिओवर ते गेलं नाही, त्याच्या बदल्यात पावणेदोन मिनिटं मिळाली, आणि आज इथे ते मी छापून घेतलं. सौद्यात दिलेला माल एवढ्या वर्षांनी फुकट परत आणला.